ताराक्का रेडिएटरवाली

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी चहा घेता घेता मी आष्ट्याला ताराक्काला फोन लावला. आदल्या दिवशी तिच्या नंबरावरून दोनदा फोन येऊन गेला होता. मी तो पाहिला होता, पण तेव्हा रानात ऊसतोड चालू होती, करू सावकाश म्हणून राहू दिला होता. मलाही तिच्याशी काम होतंच. पुढच्या आठवड्यात नकली पायाचं माप द्यायला पुण्याला जायचं होतं, आणि येताना खंबाटकीचा घाट चढायचा तर त्याआधी गाडी एकदा तिच्या नजरेखालून जावी, एवढंच. फोन तिच्या मुलीनं उचलला. रूपाली सांगलीच्या एका शाळेत शिकवते, शाळेच्या वेळेला ही आईकडे कशी, असं मनात येऊन गेलं, तरी मी आपलं विचारलं, "आक्का कुठाय गं? गाडी कधी आणू विचार." ती म्हणाली, "काका, आई गेली. परवा दुपारी." मी 'बरं' म्हणालो. कुणी गेल्याचं कळल्यावर 'बरं' म्हणतात का? पण तोंडून तेच आलं. फोन ठेवला आणि निवलेल्या चहाकडं बघत बसलो... बायको आतून आली, तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि शेजारी येऊन बसली.

ताराक्का माझी नात्यानं कुणी नव्हती. मी फौजेत होतो. डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग सीमेवर राहिला आणि तेव्हापासून नकली पाय लावतो. चालणं जमलं, जिना चढणं जमलं, पण गाडीचा क्लच काही त्या पायाला जमेना. किती दाबला गेलाय हेच कळायचं नाही. म्हणून सात वर्षांपूर्वी ओळखीच्या एका अधिकाऱ्याची जुनी, मोठी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात, डाव्या पायाला काही कामच नाही. गाडी हातात आली त्या दिवशी मी एकटा साताऱ्याहून म्हसवडला गेलो, सिद्धनाथासमोर हात जोडले आणि परत आलो. काही मागायला गेलो नव्हतो. पुतण्याला किंवा शेजाऱ्याला 'जरा सोडतोस का रे' असं न म्हणता कुठंतरी जाऊन यायचं होतं. पाय गेल्यापासूनच्या पाच वर्षांत ते पहिल्यांदा जमलं होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात त्या गाडीनं मला घाटात रडवलं. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ट्रकांची रांग लागली होती. चार हात पुढं, थांबा, परत चार हात पुढं. अर्ध्या घाटात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, इंजिन ओरडायला लागलं पण गाडी ओढेना, आणि जळक्या तेलाचा वास आत आला. मी घाबरून इंजिन बंद केलं आणि तासभर कडेला उभा राहिलो. असं तीनदा झालं. पुण्यात दाखवलं, साताऱ्यात दाखवलं. सगळीकडं एकच उत्तर, गिअरबॉक्सचं आयुष्य संपलं, या जुन्या गाड्यांना सुटे भाग मिळत नाहीत, मोडीत काढा. मोडीत काढा म्हणणाऱ्यांचे दोन्ही पाय जाग्यावर होते. शेवटी एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनं सांगितलं की आष्ट्याला रेडिएटरचं एक दुकान आहे, तिथं जाऊन बघ. गिअरबॉक्सचं काही सांगता येत नाही, पण गरम होणाऱ्या गाड्या तिथून गार होऊन जातात.

दुकान सांगली रस्त्यावर होतं. पुढं पत्र्याची शेड, आत अंधार. ट्रॅक्टरचा रेडिएटर आडवा टाकून एक पन्नाशीची बाई गॅसच्या ज्योतीनं त्याला कथलाचा डाग देत बसली होती. कासोटा घातलेला, हातात जाड मोजे, डोळ्यांवर काळा चष्मा. मिस्त्री कुठं आहेत असं मी विचारलं. तिनं ज्योत बारीक केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "बोला की." मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "फौजी, गिअरबॉक्समधलं मला काय कळत न्हाई. उगं कळतंय म्हणून सांगायची न्हाई. पर तापल्यालं तेल गार कसं करायचं, त्ये कळतंय."

मी फौजेत होतो हे तिनं माझ्या बोलण्यावरून ओळखलं की पायावरून, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी तिचा फौजी आणि ती माझी आक्का.

तिनं पहिल्या दिवशी गाडीला हातसुद्धा लावला नाही. मला समोर बसवून खडूनं जमिनीवर चित्र काढलं. या गाड्यांत गिअर बदलायचं सगळं काम तेलावर चालतं. ते तेल एका नळीतून पुढं रेडिएटरच्या तळाशी येतं, तिथल्या पाण्याच्या संगतीनं निवतं आणि दुसऱ्या नळीतून परत जातं. गाडी जुनी झाली की रेडिएटरच आतून बुजतो. मग तेल जसं तापलेलं येतं तसंच परत जातं, आणि चढाला, गर्दीत, उन्हात त्याला निवायला वेळच मिळत नाही. "पर ह्ये माझं बोलणं झालं," ती म्हणाली. "खरं किती तापतंय, त्ये बघाया पायजे." तिनं गिअरबॉक्समधून निघणाऱ्या नळीवर तापमानाचं मीटर बसवलं, त्याची तार आत आणली, आणि दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन स्वतः माझ्या शेजारी बसली. आष्टा ते खंबाटकीपलीकडच्या खंडाळ्याच्या पुढं, घाट उतरून परत घाट चढून यायचं, फक्त मीटर बघायला.

त्या प्रवासात तिचं आयुष्य मला कळलं, तेही दर चार-पाच मैलांवर मीटरचा आकडा लिहून झाल्यावर थोडं थोडं. माहेर म्हसवडजवळच्या एका वाडीवर. घर मेंढक्याचं. दहा वर्षांची होईपर्यंत दर हिवाळ्यात बापाच्या आणि थोरल्या भावाच्या मागं, मेंढरांबरोबर चालत ती कोकणच्या अंगाला जाऊन आलेली. लग्न झालं ते नात्यातल्याच पण मेंढरं सोडून सांगलीत रेडिएटरचं काम शिकलेल्या माणसाशी. तो डाग द्यायचा तेव्हा ही रेडिएटर धरायची. रूपाली नववीत असताना तो वारला. सुतक फिटल्यावर हिनं दुकान उघडलं, कारण दोन रेडिएटर अर्धे राहिले होते आणि त्यांचे मालक खोळंबले होते. "गिऱ्हाईक तवा दारातनं माघारी जायचं," ती म्हणाली, "बाई हाय म्हणून. मग ज्येंचं कुठंच जमंना, ती यायला लागली. तुमच्यावानी." आणि हसली. ती फार क्वचित हसायची.

घाटात मीटरचा काटा एकशे अठ्ठावीस अंशांवर गेला. मी सवयीनं इंजिन बंद करायला हात नेला तर तिनं माझं मनगट धरलं. बंद करायचं नाही. गाडी कडेला घ्या, न्यूट्रलला टाका आणि इंजिन चालू ठेवा, कारण तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलं की तापलेलं तेल आहे तिथंच शिजत बसतं. आम्ही दोघं गाडीतच बसलो. काटा हळूहळू खाली आला, सात-आठ मिनिटांत शंभराच्या आत. तीन वेळा याच घाटात मी इंजिन बंद करून तासभर उन्हात उभा राहिलो होतो, आणि तेवढा वेळ माझ्याच हातानं तेल जाळत होतो. ते कळून मी ओशाळलो. ती वहीत आकडा लिहीत म्हणाली, "कुणी सांगितलंच न्हवतं, मग तुमाला कसं कळायचं?"

पुढच्या पंधरा दिवसांत तिनं काम केलं. रेडिएटर उघडून आतली नळीन् नळी साफ केली. कोल्हापुरातून तेलासाठीचा वेगळा कूलर आणवला, हवा भरून पाण्यात बुडवून बघितला, आणि पुढच्या जाळीमागं, वारा सरळ लागेल असा, लोखंडी पट्ट्यांवर रबर घालून बसवला. तेल आधी रेडिएटरमधून जाईल आणि मग या कूलरमधून, असा मार्ग ठेवला. घाटात गाडी मुंगीच्या चालीनं जाते तेव्हा वारा कुठला, म्हणून कूलरला एक लहान पंखाही दिला. जळून काळं झालेलं तेल काढून नवं भरलं. सगळ्यात जास्त वेळ तिनं नळ्यांवर घालवला. तापलेल्या तेलाची नळी वेगळी असते, पाण्याची किंवा डिझेलची नळी तिथं चालत नाही, ती आतून फुगते आणि एक दिवस फाटते, हे तिनं मला दोन्ही नळ्यांचे तुकडे हातात देऊन समजावलं. आणि मग ते वाक्य म्हणाली, जे मी ऐकायला पाहिजे होतं. "फौजी, बाकी गाडीचं काय बी कुठं बी करा. ह्या नळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नगा."

त्या उन्हाळ्यात मी भर दुपारी खंबाटकी चढलो. काटा पंच्याण्णवच्या वर गेला नाही. घाटमाथ्यावरून मी तिला फोन केला आणि आकडा सांगितला. ती म्हणाली, "व्हय? बरं झालं." एवढंच. रूपालीनं नंतर सांगितलं, फोन ठेवून आईनं दुकानातल्या तिघा गिऱ्हाइकांना चहा पाजला होता.

चार वर्षं त्या गाडीनं मला तक्रारीला जागा ठेवली नाही. दर वर्षी होळीच्या सुमाराला मी बायकोला घेऊन आष्ट्याला जायचो, आक्का नळ्या हातानं चाचपायची, तेलाचा वास घ्यायची, आणि आम्ही जेवून यायचो. माझी बायको आणि ती एकमेकींना लोणची-पापड द्यायला लागल्या. मी तिला सांगून ठेवलं होतं, कधीही, कुठंही जायचं झालं तर मला बोलवा. तीन वर्षांपूर्वी वैशाखात तिनं बोलावलं.

ती माहेरी गेली होती. बापाला सकाळी शेरडं सोडताना झटका आला, एक बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. गावच्या डॉक्टरांनी ताबडतोब साताऱ्याला न्या म्हणून सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. मी दहा वाजता तिथं पोचलो. भाऊ धुळा मेंढरांकडं होता, त्याला निरोप गेला होता. त्याची वाट न बघता आम्ही निघालो. मागच्या सीटवर आक्का आणि तिच्या मांडीवर म्हाताऱ्याचं डोकं. दहिवडी सोडून पुढं आलो. ऊन असं होतं की रस्ता समोर हलत होता. एका चढावर गाडीखालून फाटल्यासारखा आवाज आला, आरशात पांढरा धूर दिसला, आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी थांबली.

आक्कानं बापाचं डोकं हळूच सीटवर ठेवलं, उतरली, आणि त्या तापल्या डांबरावर पाठ टेकून गाडीखाली गेली. बाहेर आली तेव्हा दोन्ही हात लाल तेलानं माखले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या गाड्यांना हात करायला लागली... दीड तास. दीड तासानं कांद्याचा एक पिकअप थांबला. त्यानं पोती खाली उतरवून जागा केली. आम्ही म्हाताऱ्याला त्यात घातलं, आक्का पदर धरून त्याच्या तोंडावर सावली करत बसली, आणि पिकअप निघून गेला. मी त्या गाडीपाशी राहिलो.

तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला. आधी आणलं असतं तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही सांगता येत नाही. वाचला नसता, असं ते म्हणाले असते तर माझं पुढचं आयुष्य सोपं झालं असतं.

कारण नळी का फाटली, ते मला माहीत होतं. त्याआधी महिन्याभरापूर्वी पुण्याहून येताना मला एका सांध्यापाशी तेलाचा थेंब दिसला होता. नुसता थेंब. आष्ट्याला जायचं तर शंभर किलोमीटर. म्हणून वाटेतल्या एका टपरीवजा गॅरेजात दाखवलं. तिथल्या माणसानं नळीचा तेवढा तुकडा कापून दुसरा घातला. ही तेलाचीच नळी आहे ना, असं मी विचारलं, तो चालतंय म्हणाला, आणि मीही चालवून घेतलं. आक्काला सांगितलं नाही. ती रागावेल म्हणून, आणि तिच्या कामातून थेंब आला हे तिला लागेल म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला आळस आला होता.

दहाव्याला मी माणगंगेच्या काठावर गेलो. सगळं आवरल्यावर धुळा चार माणसांत तिला म्हणाला, "तूच बसवली हुतीस न्हवं ती नळी? लय मोठी मिस्त्री झालीस. बा रस्त्यात पडून ऱ्हायला माझा." ती मान खाली घालून उभी होती. मी तिच्यापासून पाच पावलांवर होतो. मला तोंड उघडायचं होतं. युद्धात गेलेला माणूस मी, पाय गमावून बसलेला, आणि त्या पाच पावलांवर माझी जीभ उचलली नाही. धुळा निघून गेला. मीही घरी आलो.

त्यानंतर चार महिने मी आष्ट्याला गेलो नाही. गाडी ओढून आणून अंगणात लावली होती, ती तशीच. आक्कानं फोन केला नाही, मी केला नाही. गणपती उठले आणि एक दिवस मी एसटीनं निघालो. दोन गाड्या बदलून आष्ट्याला पोचेपर्यंत पायाचा बुंधा सोलून निघाला होता. ती एका रेडिएटरला डाग देत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, थेंबापासून नदीकाठापर्यंत. तिनं ज्योत बंद केली नाही. डाग पुरा केला, मग म्हणाली, "मला त्याच दिशी कळलं हुतं. गाडीखाली ग्येले तवा. ती नळी माझी न्हवती."

मी विचारलं, मग धुळादादासमोर बोलला का नाहीत?

"तुमी हुता की तितं," ती म्हणाली.

यापेक्षा कठोर ती मला आयुष्यात कधी काही बोलली नाही, आणि यापेक्षा कठोर मला दुसऱ्या कुणी काही बोलू शकणार नाही. मी बाकड्यावर बसलो. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. माझ्या पायाकडं तिचं लक्ष गेलं, पट्ट्याखालून रक्त आलं होतं. ती आत गेली, कापूस घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून परत कामाला बसली. निघताना मी माफीचं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "माफ केलं का, म्हणून इचारू नगा. बा हुता माझा." मग तिनंच विचारलं, "गाडी कुठाय?" अंगणात आहे, म्हणालो. "आणा हिकडं. उभी ठिवू नगा तिला."

दुसऱ्या दिवशी मी म्हसवडला गेलो, पुन्हा एसटीनंच. तिनं सांगितलं नव्हतं. धुळा वाडीवर होता, दोन-चार जाणती माणसं झाडाखाली बसली होती. मी त्यांच्यासमोर सांगितलं की नळी तुमच्या बहिणीची नव्हती, मी दुसरीकडून घालून घेतली होती, आणि दहाव्याला मी गप्प बसलो. मला वाटलं होतं तो मारेल. तो खाली बघत काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "मी तिला चार माणसांत बोललो." माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी मी नव्हतोच.

गाडी आष्ट्याला गेली. गिअरबॉक्स उघडायला कोल्हापूरचा एक जाणकार मिस्त्री आला, आक्का त्याच्या शेजारी बसून सगळं बघत होती, विचारत होती. नळ्या मात्र तिनं स्वतःच्या हातानं घातल्या. त्या हिवाळ्यात एक दिवस तिचा फोन आला. "दादा यिऊन ग्येला," म्हणाली. "दोन भाकरी खाल्ल्या." मग म्हणाली, "उशीर केलासा, फौजी. पर केलासा."

गेलं दीड वर्ष तिला दम लागायचा. तीस वर्षं त्या बंद शेडमध्ये ॲसिडची आणि डागाची वाफ छातीत गेलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी फुफ्फुसांचे फोटो उजेडाला धरून दाखवले, आणि आता दुकान बंद, असं सांगितलं. तिनं बंद केलं नाही, कमी केलं. मिरजेला मीच तिला न्यायचो. गाडी उंच, तिला चढायला त्रास व्हायचा. मी एक लाकडी पाट करून घेतला होता, तो खाली ठेवायचो, ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चढायची. एक लंगडा आणि एक दमेकरी, रस्त्यावरचे लोक बघत राहायचे. गाडीत ती फारसं बोलायची नाही. एकदा मात्र, येताना, उसाच्या गाड्यांमागं अडकलो होतो तेव्हा म्हणाली, "फौजी, बाच्या वक्ताला मी रस्त्यात हुबी हुते, तवा मला तुमचा राग न्हवता आला. आला त्यो नंतर. आता बी हाय थोडा." मी म्हणालो, असू दे. ती म्हणाली, "असू दे म्हणूनच सांगितला." आणि खिडकीला डोकं लावून झोपली.

दसऱ्यानंतर मी भेटलो तीच शेवटची भेट. ती शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, नाकाला प्राणवायूची नळी. मला बॉनेट उघडायला लावलं. तिला उठवत नव्हतं, तर मला म्हणाली, हात फिरवून सांगा, कुठं मऊ लागतंय का. मी नळीवरून बोटं फिरवली. नाही, म्हणालो. परत फिरवा, म्हणाली, डोळं मिटून फिरवा. मी डोळे मिटून फिरवली. खरंच कुठं मऊ नव्हती.

फोनवर ती बातमी कळल्यानंतर मी पुण्याला गेलोच नाही. तीन आठवड्यांनी आष्ट्याला गेलो. शेड उघडी होती. रूपाली हत्यारं पुसून पेटीत भरत होती. त्यांचं काय करायचं ते अजून तिचं ठरलं नव्हतं. आम्ही बसलो. तेवढ्यात रस्त्यावरून मेंढरांचा आवाज आला. शे-दीडशे मेंढरं, दोन घोडी, मागं बायका-पोरं, आणि पुढं खांद्यावर घोंगडं टाकलेला धुळा. दर साली याच दिवसांत तो खाली कोकणच्या अंगाला जातो. त्यानं आमच्याकडं पाहिलं, पण थांबला नाही. त्याला थांबवत नसावं. तो मान वळवून तसाच सरळ पुढं चालत राहिला.

मेंढरं मात्र वळली. पुढची दोन-तीन वळली आणि त्यांच्यामागं सगळा कळप रस्ता सोडून शेडच्या डाव्या अंगाला शिरला. तिथं दगडाची एक लांब डोणी आहे. इतक्या वर्षांत मी ती पाहिली होती, पण कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं. रूपाली म्हणाली, "मामाच्या मेंढरांसाठी आई भरून ठेवायची. वाटंवरच्या कुणाच्याही." डोणी कोरडी होती. मेंढरं तिच्यात तोंडं घालून उभी राहिली, एकमेकांना रेटत, आणि हाकललं तरी हलेनात. धुळा माघारी आला. डोणीपाशी उभा राहून त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि तोंडाला धरलं. त्याचे खांदे हलायला लागले.

रूपाली उठली. शेडमधल्या नळाला पाइप लावून तिनं दुसरं टोक मला दिलं. मी ते डोणीत धरलं. पाणी यायला जरा वेळ लागला. मग आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ, आणि मेंढरं प्यायला लागली. धुळा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. डोणी दोनदा भरावी लागली.